गणवेशातली पारलिंगी माणसे आणि सरकारी दवाखाना

पारलिंगी माजी सैनिकाला किंवा पोलिसाला आपल्या लिंगओळखीशी जुळणारे उपचार सरकारी दवाखान्यात घ्यायचे असले, तर त्याची गाठ सरकारच्या दोन यंत्रणांशी पडते. एक आरोग्याची. केसपेपर, समुपदेशन, संप्रेरके, शस्त्रक्रिया, ड्रेसिंग ही कामे तिची. दुसरी सेवेची. भरतीचा अर्ज, सेवापुस्तक, रजेचा कागद, निवृत्तिवेतनाचा आदेश आणि आरोग्य योजनेचे कार्ड तिच्या ताब्यात असते. डॉक्टर शरीर तपासतो, कारकून रकाना तपासतो. भारतात अशा ज्या थोड्या प्रकरणांची जाहीर नोंद झाली आहे, त्यांत काम अडले ते बहुधा रकान्यापाशी.

मुंबईच्या उपनगरांत हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. मालाडला आयएनएस हमला आहे, कांदिवलीला सैन्याचा केंद्रीय आयुध डेपो, घाटकोपरला नौदलाचे साहित्य भांडार, मानखुर्दला आयएनएस तानाजी. अंधेरीच्या मरोळला पोलीस प्रशिक्षण केंद्र आणि गोरेगावला राज्य राखीव दलाचा तळ आहे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या सोसायट्यांत आणि चाळींत निवृत्त नौसैनिक, जवान आणि हवालदार राहतात. त्यांच्यात किंवा त्यांच्या मुलांत पारलिंगी व्यक्ती असणारच, कारण लिंगओळख भरतीच्या मैदानावर गाळली जात नाही. पण जनगणनेने त्यांना वेगळे मोजलेले नाही. २०११ च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला ‘इतर’ हा पर्याय पहिल्यांदाच देण्यात आला. त्यात देशभरात ४,८७,८०३ आणि महाराष्ट्रात ४०,८९१ व्यक्तींची नोंद झाली. यांतले किती जण कधी गणवेशात होते, हे त्या आकड्यांतून निघत नाही.

आधी उपचारांविषयी. जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि व्यक्तीला आतून जाणवणारी ओळख यांचा मेळ नसला, तर त्या व्यक्तीला पारलिंगी म्हणतात. हिजडा किंवा किन्नर परंपरेत, गुरूच्या घराण्यात सामील झालेल्या व्यक्ती या वर्गात येतात, पण सगळ्या पारलिंगी व्यक्ती त्या परंपरेतल्या नसतात. सैन्यातून आलेले तर सहसा नसतातच. अंतरलिंगी व्यक्तींची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या शरीराची जन्मजात घडणच स्त्री-पुरुष या ठरीव साच्यात पूर्ण बसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात लिंगओळखीची विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून बाहेर काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवली. गणवेशातल्या माणसासाठी या बदलाला विशेष महत्त्व आहे, कारण मनोविकाराचा शिक्का बसला की शस्त्र हाताळण्याची पात्रता, बढती आणि नेमणूक या सगळ्यांवर त्याची सावली पडते.

प्रत्येकाला शस्त्रक्रिया हवी असतेच असे नाही. काहींना समुपदेशन आणि कागदांवर बदललेले नाव पुरते. काहीजण फक्त संप्रेरके घेतात. पारपुरुषांना, म्हणजे जन्माच्या वेळी स्त्री म्हणून नोंदलेल्या पण पुरुष ही ओळख असलेल्यांना, टेस्टोस्टेरॉन दिले जाते. आवाज घोगरा होतो, दाढी-मिशा येतात आणि हे बदल मागे फिरत नाहीत. रक्तातल्या तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर वाढू शकतात, म्हणून हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट पुन्हा पुन्हा तपासावे लागते. पारस्त्रियांना, म्हणजे याच्या उलट असलेल्यांना, इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीला पुरुषी संप्रेरकाला आवर घालणारे औषध दिले जाते. तिथे रक्ताच्या गुठळ्या, यकृत आणि औषध स्पायरोनोलॅक्टोन असेल तर पोटॅशियम यांवर लक्ष ठेवावे लागते. पहिल्या वर्षी साधारण तीन महिन्यांनी तपासणी होते, पुढे अंतर वाढते. बीजांडकोश किंवा वृषणे काढून टाकल्यावर संप्रेरके थांबवली तर हाडे ठिसूळ होतात. म्हणजे शस्त्रक्रिया काही टप्प्यांत आटोपली, तरी गोळी किंवा इंजेक्शन जवळपास जन्मभर चालते. म्हणूनच शस्त्रक्रियेसाठी रजा मिळाली की प्रश्न सुटला, असे होत नाही. निवृत्तीनंतरची तीस-चाळीस वर्षे औषध कोण देणार, हा खरा लांब पल्ल्याचा प्रश्न आहे.

या शस्त्रक्रियांचा आणि सैनिकांचा संबंध मात्र जुना आहे. पहिल्या महायुद्धात चेहरे उद्ध्वस्त झालेल्या ब्रिटिश सैनिकांवर उपचार करताना हॅरॉल्ड गिलिज या शल्यविशारदाने १९१७ मध्ये त्वचेची नळी करून ती शरीराच्या एका भागातून दुसऱ्या भागात नेण्याची पद्धत रूढ केली. जखमी सैनिकांच्या जननेंद्रियांच्या पुनर्रचनेसाठीही ती वापरली गेली. तीच पद्धत गिलिजने १९४६ ते १९४९ या काळात मायकेल डिलन या पारपुरुषावर वापरली. डिलन पुढे डॉक्टर झाला, नंतर भारतात येऊन बौद्ध श्रामणेर झाला आणि १९६२ मध्ये डलहौसीला वारला. १९५१ मध्ये गिलिजने रॉबर्टा कॉवेल हिच्यावर शस्त्रक्रिया केली. ती दुसऱ्या महायुद्धात लढाऊ वैमानिक होती आणि जर्मनांच्या कैदेत राहिली होती. १९५२ च्या डिसेंबरात अमेरिकी वृत्तपत्रांनी गाजवलेली ख्रिस्तीन जॉर्गेन्सन हीही अमेरिकी सैन्यात भरती झालेली होती. तिच्यावरची शस्त्रक्रिया कोपनहेगनला झाली. पश्चिमेत या विषयाची जी पहिली नावे लोकांच्या तोंडी झाली, त्यांतली दोन माजी सैनिकांची होती.

गिलिजची विद्या मुंबईतही पोचली. त्याच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया यांनी भारतात परतून आधी पुण्यात कुष्ठरुग्णांच्या हातांवर आणि चेहऱ्यांवर काम केले आणि नंतर मुंबईच्या सर ज. जी. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभा केला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला लागून असलेले सेंट जॉर्ज रुग्णालय, गोकुळदास तेजपाल रुग्णालय आणि कामा रुग्णालय ही सगळी ज. जी. समूहातली, राज्य सरकारची रुग्णालये आहेत. महाराष्ट्रात गणवेशातल्या व्यक्तीची सर्वांत गाजलेली लिंगविषयक शस्त्रक्रिया याच समूहात झाली, यात योगायोगापेक्षा त्या विद्येच्या परंपरेचा वाटा अधिक आहे.

ते प्रकरण ललित साळवे यांचे. बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले राजेगाव हे त्यांचे गाव. २०१० मध्ये ते महिला पोलीस शिपाई म्हणून भरती झाले. काही वर्षांनी शरीरातल्या बदलांमुळे तपासण्या झाल्या, गुणसूत्रांत वाय असल्याचे निष्पन्न झाले आणि ज. जी. रुग्णालयातल्या तज्ज्ञांनी शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी बीडच्या पोलीस अधीक्षकांकडे रजा आणि शस्त्रक्रियेनंतर पुरुष शिपाई म्हणून सेवेत राहण्याची परवानगी मागितली. ती नाकारण्यात आली. कारण वैद्यकीय नव्हते. पोलीस भरतीत स्त्री आणि पुरुष यांच्यासाठी उंचीचे आणि शारीरिक चाचणीचे निकष वेगळे असतात. पुरुषाला १६५ सेंटिमीटर उंची लागते, स्त्रीला १५५. पुरुष १६०० मीटर धावतो, स्त्री ८०० मीटर. स्त्रियांच्या निकषावर घेतलेल्या शिपायाला पुरुषांच्या यादीत ठेवायचे तर कोणत्या नियमाने, हा खात्यापुढचा पेच होता. खात्याची बाजू अगदीच पोकळ होती असे म्हणता येणार नाही. पण सात वर्षे बंदोबस्त केलेल्या माणसाची उंची नव्याने मोजून काय साधणार होते, हेही समजत नाही.

नोव्हेंबर २०१७ मध्ये साळवे मुंबई उच्च न्यायालयात गेले. हा सेवेचा विषय आहे, तेव्हा महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे जावे, असे न्यायालयाने सांगितले. दरम्यान तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पोलीस महासंचालकांना सहानुभूतीने विचार करायला सांगितले. मे २०१८ मध्ये गृह खात्याची परवानगी आली आणि २५ मे २०१८ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा पार पडला. पुढचे टप्पे २०२० पर्यंत चालले. साळवे पुरुष शिपाई म्हणून माजलगावला पुन्हा कामावर रुजू झाले, फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादला त्यांचे लग्न झाले आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या घरी मुलगा जन्मला.

या प्रकरणाकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. वैद्यकाच्या दृष्टीने ते पारलिंगी व्यक्तीचे ठोकळेबाज उदाहरण नाही. जन्मजात शारीरिक घडणीचा भाग त्यात होता, म्हणून ते अंतरलिंगी स्थितीच्या जवळ जाते. वर्तमानपत्रांनी सरसकट ‘लिंगबदल’ म्हटले, त्यामुळे हा फरक बाजूला पडला. सेवेच्या दृष्टीने मात्र फरक काहीच पडत नाही. रजा, निकष, सेवापुस्तकातली नोंद, पोलीस लाइनमधली खोली या प्रत्येक ठिकाणी पारलिंगी शिपायाला जो अडथळा येईल तोच साळवे यांना आला. शिवाय परवानगी आली ती नियमातून आली नाही, वरून आली. मुख्यमंत्र्यांच्या शब्दाने एका माणसाचे काम झाले, पण पुढच्या अर्जदाराला दाखवायला त्यातून छापील निकष मिळाला नाही. उत्तर प्रदेशातल्या एका महिला शिपायाचा असाच अर्ज पडून राहिला, तेव्हा ऑगस्ट २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाला पोलीस महासंचालकांना निर्णय घ्यायला सांगावे लागले. महाराष्ट्रात भरतीच्या बाजूने हालचाल झाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने पोलीस शिपाई भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी, म्हणजे सरकारी भाषेत पारलिंगी व्यक्तींसाठी, वेगळा पर्याय ठेवायला सांगितले. सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबरात पर्याय देण्याचे, तसेच शारीरिक चाचणीचे निकष ठरवण्याचे मान्य करून परतले. आधीपासून सेवेत असलेल्यांचे काय, हा प्रश्न त्या निकालाच्या कक्षेत नव्हता.

सैन्यदलांत चित्र अधिक कठीण आहे. २०१० मध्ये नौदलात दाखल झालेली साबी ही विशाखापट्टणमला आयएनएस एकशिला तळावर होती. २०१६ मध्ये रजेवर असताना तिने दिल्लीला शस्त्रक्रिया करून घेतली. परतल्यावर आपल्याला काही महिने मनोरुग्ण कक्षात ठेवले गेले, असे तिने सांगितले. ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘सेवेची आवश्यकता नाही’ या कलमाखाली तिला नौदलातून काढण्यात आले. ज्या लिंगाची व्यक्ती म्हणून भरती झाली ते तिने स्वतःहून, कायमचे बदलले, ही नौदलाची भूमिका होती. तिला दुसऱ्या एखाद्या कामावर सामावून घेता येईल का, असे दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षी विचारले. नौदलाच्या भूमिकेमागे १९५७ च्या नौदल कायद्याचे नववे कलम होते. केंद्र सरकारने खास अधिसूचना काढलेल्या शाखा सोडल्या तर स्त्रियांना नौदलात घेता येत नाही, असे ते सांगते. तेव्हा नौसैनिक पदावर स्त्रिया नव्हत्याच. साबीला स्त्री मानले तर तिला जागा नव्हती आणि पुरुष मानायला ती तयार नव्हती. २०२२ च्या अग्निपथ योजनेतून स्त्रिया नौसैनिक म्हणून येऊ लागल्या आणि मार्च २०२३ मध्ये आयएनएस चिल्कावरून त्यांची पहिली तुकडी बाहेर पडली. साबीविरुद्धच्या युक्तिवादाचा एक खांब अशा रीतीने सरकारनेच काढून घेतला, पण पाच वर्षे उशिराने.

या प्रकरणाचा आरोग्यसेवेशी असलेला संबंध सहसा सांगितला जात नाही. माजी सैनिकांच्या उपचारांसाठी केंद्र सरकारने १ एप्रिल २००३ पासून माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना सुरू केली. बोलण्यात तिला ईसीएचएस म्हणतात. पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी, तिथून औषधे, गरज पडल्यास सैन्याच्या रुग्णालयात किंवा यादीतल्या खासगी रुग्णालयात रवानगी, असा तिचा क्रम आहे. मुंबईत सैन्यदलांचे मोठे रुग्णालय म्हणजे कुलाब्याचे आयएनएचएस अश्विनी. मात्र ही योजना मुख्यतः निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी आहे, आणि अधिकारी नसलेल्या सैनिकाला निवृत्तिवेतनासाठी साधारण पंधरा वर्षांची सेवा लागते. सातव्या वर्षी घरी पाठवलेल्याला ते मिळत नाही. वैद्यकीय कारणाने अपंगत्वाचे वेतन देऊन बाहेर काढले असते तर गोष्ट निराळी झाली असती. ‘माजी सैनिक’ या दर्जाच्या सरकारी व्याख्येतही सेवा कशी संपली यावर सारे अवलंबून असते. मुदत पुरी करून गेलेला आणि निवृत्तिवेतनासह गेलेला माजी सैनिक ठरतो. स्वतःच्या विनंतीवरून मध्येच बाहेर पडलेला किंवा गैरवर्तनासाठी काढलेला ठरत नाही. त्यामुळे भारतात पारलिंगी माजी सैनिकाच्या उपचारांचा प्रश्न योजनेत कोणती शस्त्रक्रिया बसते इथून सुरूच होत नाही. सुटका कोणत्या कलमाखाली झाली, तिथून तो सुरू होतो. ज्याने पंधरा वर्षे स्वतःला दडपून ठेवले, त्याच्या हातात कार्ड असते. जो सेवेत असताना बोलला, तो कार्डाआधीच बाहेर पडण्याची शक्यता मोठी. उपनगरातल्या एखाद्या पॉलिक्लिनिकच्या रांगेत पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदा हा विषय काढणारा माणूस भेटला, तर त्यात नवल नाही. व्यवस्थेनेच त्याला तोवर थांबायला लावलेले असते.

अवलंबितांचा प्रश्न याहून चमत्कारिक आहे. ईसीएचएसमध्ये मुलगा पंचवीस वर्षांचा होईपर्यंत, किंवा त्याआधी कमावू लागेपर्यंत वा त्याचे लग्न होईपर्यंत, वडिलांच्या कार्डावर राहतो. मुलगी कमावू लागेपर्यंत किंवा लग्न होईपर्यंत राहते, वयाची अट नाही. निवृत्त सुभेदाराचे अपत्य मुलगा म्हणून नोंदलेले असेल आणि ते पारस्त्री असेल, तर पंचविसाव्या वाढदिवसाला त्याचे कार्ड संपते. तेच अपत्य मुलगी म्हणून नोंदले गेले असते तर चालू राहिले असते. उलट पारपुरुषाला कागदावर मुलगीच राहण्यात फायदा. संप्रेरके सुरू करण्याचे वय बहुधा विशीतले असते, आणि हा पेच नेमका त्याच वयात पुढे उभा राहतो.

कार्ड नसलेल्यांना, आणि असूनही अडलेल्यांना, नागरी मार्ग उरतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. मालाडच्या मालवणीत काम करणाऱ्या गौरी सावंत त्या लढ्यात होत्या, ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठीही होत्या. त्यानंतर आला २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा. तो १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याचे पंधरावे कलम आरोग्याचे आहे. शस्त्रक्रिया, संप्रेरके, त्यांच्या आधीचे आणि नंतरचे समुपदेशन आणि या खर्चासाठी विमा यांची तरतूद सरकारने करावी, असे त्यात म्हटले आहे. मात्र या कलमातला पहिला मुद्दा एचआयव्हीच्या सर्वेक्षण केंद्रांचा आहे, आणि या क्रमामागे इतिहास आहे. सरकारी आरोग्ययंत्रणेने तृतीयपंथीयांना ओळखले ते एड्स नियंत्रणाच्या दारातून. मुंबईत १९९४ मध्ये अशोक राव कवी यांनी स्थापन केलेल्या आणि सांताक्रूझच्या वाकोल्यातून चालणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांनी ते दार उघडले आणि अनेकांचे प्राण वाचवले. पण त्यामुळे तपासणी म्हणजे एचआयव्हीची तपासणी, असे समीकरणही रुजले. नौदलातून निवृत्त झालेला, घरसंसार असलेला माणूस त्या दारात पाऊल ठेवायला बिचकतो. त्याला हवा असतो अंतःस्रावतज्ज्ञ.

कायद्याचा लाभ घ्यायचा तर जिल्हादंडाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र लागते. मुंबई उपनगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. अंधेरी आणि बोरिवली हे या जिल्ह्याचे स्वतंत्र तालुके. मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात येतात. नोव्हेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पोर्टलमुळे अर्ज घरबसल्या करता येऊ लागला. २०२० च्या नियमांनी अर्जासोबत प्रतिज्ञापत्र मागितले, वैद्यकीय तपासणी मागितली नाही. शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष असे सुधारित प्रमाणपत्र हवे असेल तर रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा दाखला जोडायचा, अशी सोय कायद्याच्या सातव्या कलमात ठेवली गेली. या प्रमाणपत्राच्या आधारावर २४ ऑगस्ट २०२२ रोजी सामाजिक न्याय मंत्रालय आणि राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण यांच्यात आयुष्मान भारत टीजी प्लस योजनेचा करार झाला. पारलिंगी व्यक्तीला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे विमा संरक्षण, लिंगविषयक शस्त्रक्रियेसह, असे त्याचे स्वरूप होते. निवृत्तिवेतन न मिळालेल्या सैनिकाला ही वाट ईसीएचएसपेक्षा जवळची आहे. फक्त तिच्यावर त्याची सैनिक ही ओळख कुठेच लागत नाही.

प्रत्यक्ष उपचार मिळण्याची ठिकाणे उपनगरांच्या मानाने दक्षिणेकडे एकवटलेली आहेत. घाटकोपरचे राजावाडी, मुलुंडचे अगरवाल, कांदिवलीचे शताब्दी ही महापालिकेची सर्वसाधारण रुग्णालये आहेत. प्लास्टिक सर्जरी आणि अंतःस्रावशास्त्र यांचे पूर्ण विभाग प्रामुख्याने वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत असतात, म्हणजे परळचे केईएम, सायन, नायर आणि ज. जी. समूह. फेब्रुवारी २०२३ मध्ये गोकुळदास तेजपाल रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी तीस खाटांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. कोणत्या वॉर्डात ठेवायचे या नेहमीच्या वादाला तिथे उत्तर मिळाले. पण दर तीन महिन्यांच्या रक्ततपासणीसाठी बोरिवलीहून चर्चगेटपर्यंत किंवा मुलुंडहून सीएसएमटीपर्यंत लोकलने जायचे, तेही फर्स्ट क्लासच्या, लेडीजच्या की जनरलच्या डब्यातून हे ठरवून, ही एका माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी किंवा रजा असते. संप्रेरकांची तपासणी राजावाडीसारख्या ठिकाणी आणि शस्त्रक्रिया ज. जी.कडे, अशी विभागणी झाली तर खर्च आणि गर्दी दोन्ही कमी होतील. मधुमेहाच्या रुग्णांसाठी तशी रचना वर्षानुवर्षे चालतेच.

मध्य रेल्वेवर मुलुंडच्या पुढे, कल्याणला, अशी एक सोय झाली होती. हैदराबादला २०२१ मध्ये सुरू झालेल्या मित्र क्लिनिकची शाखा तिथे होती, तशीच पुण्यालाही. पारलिंगी व्यक्तींनीच चालवलेल्या या दवाखान्यांत समुपदेशन, संप्रेरके आणि सर्वसाधारण उपचार एका छताखाली मिळत. पैसा अमेरिकेच्या विकास संस्थेचा होता. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प प्रशासनाने परदेशी मदत गोठवल्यावर तिन्ही शहरांतले दवाखाने बंद पडले. सरकारी व्यवस्थेला पर्याय म्हणून उभ्या राहणाऱ्या सोयीचे आयुष्य किती असते, याचे एवढे स्पष्ट उदाहरण दुसरे मिळणार नाही.

त्याच अमेरिकेत माजी सैनिकांच्या बाबतीत काय झाले, ते तुलनेसाठी पाहण्यासारखे आहे. तिथल्या विल्यम्स इन्स्टिट्यूटने २०१४ मध्ये पारलिंगी माजी सैनिकांची संख्या १,३४,३०० असल्याचा अंदाज वर्तवला. माजी सैनिकांच्या स्वतंत्र सरकारी खात्याने १९९९ च्या नियमाने लिंगविषयक शस्त्रक्रिया वगळल्या होत्या, पण २०११ च्या निर्देशाने संप्रेरके, समुपदेशन आणि शस्त्रक्रियेनंतरची देखभाल देऊ केली. जून २०२१ मध्ये शस्त्रक्रियेवरची बंदी उठवण्याची प्रक्रिया सुरू करत असल्याचे खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर केले. ती पुरी झालीच नाही, आणि मार्च २०२५ मध्ये खात्याने हे उपचार टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरवले. आधीपासून घेत असलेल्यांना तेवढे वगळले. तिथे माजी सैनिक हा दर्जा पक्का होता आणि उपचार राजकारणाबरोबर हेलकावे खात राहिले. भारतात उपचारांना कायद्याचा आधार मिळाला, पण सैनिक म्हणून टिकून राहणेच अवघड. दोन्ही देशांतले अनुभव एकमेकांशेजारी ठेवले तर एवढे दिसते, की निव्वळ दर्जा किंवा निव्वळ उपचारांचा हक्क यांपैकी एकाने काम भागत नाही.

राहिला कागदांचा क्रम. ज्याला निवृत्तीनंतर ओळख बदलायची आहे, त्याने आधी वांद्र्याहून प्रमाणपत्र घ्यावे, मग राज्याच्या राजपत्रात नाव बदलल्याची सूचना प्रसिद्ध करावी, त्यानंतर आधार आणि बँक खाते, आणि सर्वांत शेवटी सेवेचे कागद, हा क्रम व्यवहाराला धरून आहे. कारण सेवेची कार्यालये आधीचे सगळे पुरावे मागतात, आणि बँकेतले नाव व निवृत्तिवेतनाच्या आदेशातले नाव जुळले नाही तर पैसे अडकतात. सेवेचे कागद कुठे पाठवायचे हे दलावर अवलंबून असते. नौसैनिकांच्या नोंदी मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्समध्ये असतात, म्हणजे घाटकोपरच्या माणसाला त्या हाकेच्या अंतरावर. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाला बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला लिहावे लागते आणि हवाई दलाच्या माणसाला दिल्लीला. आदेशात दुरुस्ती झाली की त्याची प्रत घेऊन ईसीएचएसच्या कार्डासाठी नवा अर्ज करायचा. मध्यंतरीच्या महिन्यांत जुन्या नावाचे कार्ड आणि नव्या नावाचे आधार घेऊन पॉलिक्लिनिकच्या खिडकीवर उभे राहावे लागते. तिथे हाक कोणत्या नावाने मारायची, हे ठरवणारा लेखी आदेश असला तर कारकुनालाही सोयीचेच होईल.